डोके खाली, पाठ मागे

प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके खाली असले की काळजीचे कारण उरले नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि ती निम्मीच खरी आहे. नवव्या महिन्यातील सोनोग्राफीच्या अहवालात डोके खाली असल्याची नोंद वाचून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, कारण पायाळू किंवा आडव्या बाळाची धास्ती तिथे मिटते; परंतु खाली असलेले हे डोके कोणत्या दिशेला वळलेले आहे, हनुवटी छातीला टेकलेली आहे की मान ताठ राहिली आहे, आणि ते सरळ उतरत आहे की एका खांद्याकडे कलून, यांवर प्रसूतीचे पुढचे कित्येक तास अवलंबून असतात. या अडचणींपैकी सर्वांत नेहमी आढळणारी आणि सर्वांत अधिक गैरसमजांनी वेढलेली अडचण म्हणजे बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असणे. प्रसूतिशास्त्रात तिला पश्चकपाल-पश्च स्थिती म्हणतात, कारण डोक्याच्या मागच्या बाजूचे हाड, म्हणजे पश्चकपाल, अशा वेळी आईच्या कण्याकडे असते आणि बाळाचा चेहरा तिच्या पोटाकडे असतो. प्रसूतिकक्षात डॉक्टर आणि परिचारिका तिचा उल्लेख ‘ओपी’ असाच करतात.

ही स्थिती अवघड का ठरते हे समजण्यासाठी श्रोणीची, म्हणजे कंबरेच्या हाडांनी बनलेल्या कड्याची, रचना लक्षात घ्यावी लागते. श्रोणीचे वरचे तोंड आडवे रुंद असते; त्याची रुंदी सुमारे १३ सेंटिमीटर, तर पुढून मागपर्यंतचे अंतर सुमारे ११ सेंटिमीटर भरते. खालच्या तोंडाशी हे प्रमाण उलटते आणि पुढून मागचे अंतर अधिक होते. त्यामुळे बाळाला एकाच दिशेने सरळ खाली येता येत नाही. आत शिरताना आडव्या असलेल्या डोक्याला बाहेर पडेपर्यंत पाव फेरा तरी फिरावे लागते. हे फिरणे बाळ स्वतः ठरवून करत नाही. श्रोणीच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा उतार पुढच्या बाजूला असतो, कळांच्या जोराने खाली आलेल्या डोक्याचा जो भाग त्या उतारावर प्रथम टेकतो तो पुढे सरकवला जातो, आणि मान नीट वाकलेली असेल तर तो भाग पश्चकपालच असतो. तो पुढच्या जघनास्थीखाली येऊन टेकला की बाळ आईच्या पाठीकडे तोंड करून बाहेर येते, आणि बहुतांश बाळे अशीच जन्मतात.

मान वाकण्याचे महत्त्व इथे फार मोठे आहे. अरुंद गळ्याचा सदरा घालताना माणूस हनुवटी छातीकडे घेऊन माथा पुढे करतो, तसेच बाळालाही करावे लागते. हनुवटी छातीला पूर्ण टेकलेली असताना श्रोणीतून जाणाऱ्या डोक्याचा व्यास सुमारे ९.५ सेंटिमीटर असतो; मान ताठ राहिली तर कपाळापासून मागच्या फुगवट्यापर्यंतचे सुमारे ११.५ सेंटिमीटर अंतर त्याच वाटेने न्यावे लागते. पाठीला पाठ आल्यावर आईच्या कण्याचा पुढे आलेला बाक बाळाच्या कण्याला भिडतो, बाळाला नीट वाकायला जागा मिळत नाही आणि मान किंचित ताठ राहते. म्हणजे ओपी स्थितीत दोन अडचणी एकत्र येतात: डोके ज्या बाजूने पुढे होते ती बाजू रुंद असते, आणि ते वळवून पुढे आणण्यासाठी पाव फेऱ्याऐवजी सुमारे १३५ अंशांचा लांबचा फेरा घ्यावा लागतो.

तरीही बहुसंख्य बाळे हा फेरा घेतात, आणि या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कळा सुरू होताना साधारण १५ ते ३० टक्के बाळे ओपी स्थितीत असतात, तर जन्माच्या क्षणी तशी राहिलेली बाळे सुमारे ५ टक्केच असतात. अमेरिकेतील बॉस्टन येथे वेळोवेळी सोनोग्राफी करून केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीच्या उत्तरार्धातसुद्धा ओपी आढळलेल्या बाळांपैकी जवळजवळ पाचपैकी चार शेवटपर्यंत वळल्याचे दिसून आले. उरलेल्यांपैकी काही बाळे उलट दिशेने थोडीशी फिरून आकाशाकडे तोंड करून जन्मतात, काहींचे डोके अर्ध्या वाटेत आडवेच अडकते. त्यामुळे प्रसूतीच्या सुरुवातीला डोक्याची दिशा प्रतिकूल असणे हे शस्त्रक्रियेचे कारण ठरत नाही.

डोक्याच्या इतर प्रतिकूल अवस्था याहून विरळ आहेत. मान पूर्ण मागे झुकून चेहराच पुढे आला असेल आणि हनुवटी आईच्या पोटाच्या बाजूला असेल तर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. हनुवटी मागे राहिली तर पूर्ण दिवसांचे बाळ त्या वाटेने येऊ शकत नाही. कपाळ पुढे आले असता डोक्याचा सर्वांत मोठा, सुमारे १३.५ सेंटिमीटरचा व्यास आडवा येतो, आणि ती स्थिती कायम राहिली तर सिझेरियनला पर्याय उरत नाही.

बाळ ओपी स्थितीत का राहते याचे एकच एक उत्तर नाही. न्यूयॉर्कमधील कॉल्डवेल आणि मोलॉय यांनी १९३३ साली स्त्रियांच्या श्रोणीचे आकारावरून चार प्रकार पाडले, त्यांपैकी पुढून मागे लांबट असलेल्या श्रोणीत बाळाला पाठ मागे ठेवूनच उतरणे सोयीचे पडते. पहिलटकरणीत ही स्थिती अधिक टिकते. हाडांची घडण जन्मजात असते, ती बदलण्याचा उपाय कोणाच्याही हाती नसतो. त्यामुळे ‘नऊ महिने नुसती बसून राहिली म्हणून बाळ फिरले नाही’ असा जो ठपका घरातून ठेवला जातो, तो अन्यायाचा आहे.

या ठपक्यामागे एक जुना सल्लाही असतो. खाली वाकून केर काढावा, गुडघ्यांवर बसून फरशी पुसावी, म्हणजे बाळंतपण सुलभ होते, असे महाराष्ट्रातल्या घराघरांतून सांगितले जाते. न्यूझीलंडमधील सुईण जीन सटन यांनी १९९० च्या दशकात जवळपास हाच विचार पद्धतशीरपणे मांडला आणि तो जगभर पसरला. त्याची परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली: अडीच हजारांहून अधिक गर्भवतींपैकी एका गटाने ३७ व्या आठवड्यापासून रोज दोनदा, दहा-दहा मिनिटे, हात व गुडघे टेकून कंबर हलवण्याचा व्यायाम केला, तर दुसऱ्या गटाने केवळ चालण्याचा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जन्माच्या वेळी ओपी राहिलेल्या बाळांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. हालचाल, चालणे, घरकाम हे गर्भारपणात चांगलेच आहे, फक्त त्याने डोके फिरेल अशी हमी देऊ नये आणि जिला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे तिच्याकडून फरशी पुसून घेऊ नये.

प्रसूती सुरू झाल्यावर ही स्थिती काही खुणांनी स्वतःची चाहूल देते. कळेचा जोर पोटाऐवजी कंबरेत जाणवतो, आणि पुष्कळदा दोन कळांच्या मधल्या वेळातही कंबर ठणकत राहते, कारण डोक्याचा कठीण भाग त्रिकास्थीवर, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडावर, दाबत असतो. बेंबीखाली पोट फुगीर दिसण्याऐवजी बसके दिसते, हाताला पाठीचा सलग भाग न लागता हातपायांचे उंचवटे लागतात, आणि बाळाच्या हृदयाचे ठोके पोटाच्या मध्याऐवजी कुशीकडे ऐकू येतात. पाणमोट लवकर फुटते, कळा अनियमित राहतात, गर्भाशयमुख सावकाश उघडते. आतून तपासताना पुढच्या बाजूला चौकोनी मोठी टाळू लागली तर शंका पक्की होते, कारण डोके अनुकूल असते तेव्हा त्या जागी मागची लहान, त्रिकोणी टाळू हाताला लागते.

मात्र बोटांनी केलेली ही पारख वाटते तितकी खात्रीची नसते. लांबलेल्या प्रसूतीत बाळाच्या टाळूवर सूज येते, कवटीची हाडे एकमेकांवर सरकतात, आणि नेमक्या ज्या वेळी दिशा ठाऊक असणे सर्वांत गरजेचे असते त्याच वेळी शिवणी व टाळू हाताला लागेनाशा होतात. डब्लिनमधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, उपकरणाने, म्हणजे चिमट्याने किंवा व्हॅक्यूमने, प्रसूती करण्यापूर्वी केवळ हाताने तपासलेल्या स्त्रियांमध्ये दिशेचे निदान सुमारे २० टक्के वेळा चुकले, तर पोटावरून सोनोग्राफीची जोड दिलेल्या गटात ते २ टक्क्यांहूनही कमी वेळा चुकले. आईला वा बाळाला होणाऱ्या इजेत मात्र त्या चाचणीत फरक पडला नाही, कारण निदान अचूक झाले तरी पुढचे कौशल्य हातांचेच राहते. तरीसुद्धा डोके कुठे वळले आहे हे न जाणता उपकरण लावणे समर्थनीय नाही, आणि सोनोग्राफीचा याहून सोपा व उपयुक्त वापर क्वचितच असेल. आपल्याकडे त्यात कायद्याचा एक प्रश्न येतो. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला, १९९४ साली केंद्रीय कायदा आला, आणि त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी व प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची लेखी नोंद बंधनकारक आहे. हा कायदा आवश्यकच आहे; म्हणूनच मोठ्या प्रसूतिगृहांनी प्रसूतिकक्षासाठी रीतसर नोंदणी केलेले यंत्र आणि ते वापरण्यास पात्र डॉक्टर यांची तरतूद आधीच करून ठेवणे इष्ट ठरते, म्हणजे रात्री दोन वाजता यंत्र दुसऱ्या मजल्यावर कुलपात राहणार नाही.

निदान झाल्यावर पहिला प्रश्न येतो तो वेळेचा. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख मांडला, त्यानंतर अनेक दशके गर्भाशयमुख दर तासाला निदान एक सेंटिमीटर उघडले पाहिजे असा दंडक जगभर चालला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा दंडक सर्व स्त्रियांना लावणे अवास्तव असल्याचे स्पष्ट सांगितले, प्रसूतीचा वेगवान टप्पा ५ सेंटिमीटरपासून मानावा असे ठरवले, आणि तिथून पुढे पहिल्या खेपेला १२ तासांपर्यंत व नंतरच्या खेपांना १० तासांपर्यंतचा काळ स्वाभाविक मानला. ओपी स्थितीतल्या बाळासाठी हा बदल फार मोलाचा आहे, कारण लांबचा फेरा घेणाऱ्या डोक्याला जुन्या घड्याळाप्रमाणे वेळ अपुराच पडतो. २०२० साली याच संघटनेने आणलेल्या नोंदपत्रकात गर्भाशयमुखाच्या उघडण्याबरोबरच डोके पुढे, मागे की आडवे आहे हे लिहिण्यासाठी वेगळी ओळ ठेवली आहे. ती रिकामी सोडण्याची सवय मोडली पाहिजे.

वेळ देणे म्हणजे स्त्रीला खाटेवर एकटी सोडून देणे नव्हे. या काळात बाळाच्या हृदयाचे ठोके, आईची नाडी, रक्तदाब, ताप, लघवी, कळांची संख्या आणि डोके किती खाली उतरले हे ठरावीक अंतराने पाहून लिहावे लागते, आणि या नोंदी ठीक असतील तोवरच थांबण्याला अर्थ असतो. लघवीने भरलेले मूत्राशय डोक्याच्या वाटेत अडथळा आणते, म्हणून ते वेळोवेळी रिकामे करवून घ्यावे लागते. धोका कमी असलेल्या स्त्रीला पाणी, सरबत, पेज असे हलके खाणेपिणे देता येते, आणि रात्रभर कळा सोसणाऱ्या बाईला उपाशी ठेवण्यात कोणताच लाभ नाही. सतत कोणाची तरी सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक रीतीने होण्याचे प्रमाण वाढते व सिझेरियनचे घटते, हे अनेक देशांतील चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. भारत सरकारने २०१६ साली सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीणीला परवानगी दिली आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या उपक्रमात प्रसूतिकक्षाच्या दर्जात तिचा समावेश केला. ज्या दवाखान्यांत आजही आई, सासू किंवा बहीण दाराबाहेर ताटकळत ठेवली जाते, तिथे जागेची अडचण खरी असेल, पण एका पडद्याने सुटेल इतकीच ती पुष्कळदा असते.

आईने कसे बसावे वा झोपावे, याविषयी पुरावा मिश्र आहे. प्रसूतीदरम्यान ओपी बाळ वळवण्यासाठी हात-गुडघे टेकण्याची स्थिती जिनिव्हात आणि कुशीवर झोपण्याची एक विशिष्ट रीत फ्रान्समध्ये तपासली गेली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या दोन्ही चाचण्यांत डोके वळण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले नाही. परंतु हात-गुडघ्यांवर ओणवे झाल्याने कंबरेचे दुखणे कमी होते हे अन्य अभ्यासांत आढळले आहे, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. जिला उभे राहून खाटेच्या कठड्यावर रेलावेसे वाटते तिने रेलावे, जिला कुशीवर पडावेसे वाटते तिने पडावे. सक्तीने पाठीवर झोपवणे मात्र टाळावे, कारण त्याने पाठीवरचा दाब वाढतो आणि मोठ्या रक्तवाहिन्या दबून बाळाचा रक्तपुरवठाही घटू शकतो.

कंबरेतल्या कळांसाठी सोबतीणीने तळहाताने त्रिकास्थीवर जोरात दाब देणे, गरम पाण्याची पिशवी ठेवणे, कोमट पाण्याचा शेक घेणे हे उपाय साधे आहेत आणि बायका ते पिढ्यानपिढ्या करत आल्या आहेत. कंबरेच्या खालच्या भागात चार ठिकाणी कातडीत निर्जंतुक पाण्याची अगदी थोडी मात्रा टोचण्याची एक पद्धत आहे. टोचताना काही क्षण तीव्र आग होते, पण नंतर तासभर किंवा अधिक काळ कंबरेचे दुखणे कमी होते. अठराशेहून अधिक स्त्रियांवर प्रामुख्याने ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत तिचा वेदनाशमनासाठी उपयोग सिद्ध झाला, सिझेरियनचे प्रमाण मात्र बदलले नाही. खर्च नगण्य आणि भूलतज्ज्ञाची गरज नाही, म्हणून भारतातील छोट्या प्रसूतिगृहांनी तिचा अधिक विचार करायला हवा.

एपिड्युरल, म्हणजे कण्यातील पोकळीत बारीक नळी बसवून कंबरेखालचा भाग बधिर करणे, हा वेदनाशमनाचा सर्वांत प्रभावी उपाय आहे. बॉस्टनच्या त्याच अभ्यासात एपिड्युरल घेतलेल्या स्त्रियांमध्ये जन्माच्या वेळी ओपी असलेल्या बाळांचे प्रमाण १२.९ टक्के, तर न घेतलेल्यांत ३.३ टक्के आढळले. श्रोणीतळाचे स्नायू सैल पडल्याने डोके वळवणारा उतार क्षीण होतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. त्याचबरोबर अवघड प्रसूतीत वेदना अधिक असल्याने एपिड्युरल अधिक घेतले जाते, हेही विसरता येत नाही. सिझेरियनचे प्रमाण एपिड्युरलमुळे वाढत नाही, हे चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांत दिसले आहे. जिला वेदना असह्य झाल्या आहेत तिला ‘बाळ वळणार नाही’ ही भीती घालून या सोयीपासून दूर ठेवणे निर्दयपणाचे आहे. तिला नेमकी माहिती द्यावी, निर्णय तिचा असावा.

कळा मंद पडल्या असतील तर ऑक्सिटोसिन हे औषध सलाइनमधून, थेंब मोजत दिले जाते. पहिलटकरणीत याचा उपयोग पुष्कळदा होतो, कारण जोरदार कळांनी मान वाकते आणि डोके उताराला टेकते. आधी बाळंतपणे झालेल्या स्त्रीत मात्र प्रगती थांबण्याचे कारण कळांची दुर्बलता आहे की खरोखरचा अडथळा, याची खात्री करूनच ते सुरू करावे लागते, कारण अडलेल्या डोक्यावर औषधाने कळा वाढवल्या तर गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. याच कारणाने गावात कोणीतरी दंडात ‘कळांचे इंजेक्शन’ टोचून बाळंतपण उरकण्याचा जो प्रकार करतो तो प्राणघातक ठरू शकतो; एकदा टोचलेली मात्रा कमीही करता येत नाही आणि थांबवताही येत नाही.

ओपी स्थितीतील आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे जोर करण्याची इच्छा फार लवकर होते. मागच्या बाजूला दाब पडल्याने, गर्भाशयमुख सात-आठ सेंटिमीटरच उघडलेले असताना, स्त्रीला शौचाला लागल्यासारखे होते आणि आजूबाजूचे ‘जोर कर, जोर कर’ म्हणू लागतात. अवेळी केलेल्या जोराने गर्भाशयमुखाची पुढची कड सुजते, आणि आई नेमकी पुढच्या टप्प्यापूर्वी थकून जाते. अशा वेळी कुशीवर वळवून, लहान-लहान श्वास घ्यायला सांगून तो आवेग ओसरू द्यावा लागतो. पोटावर वरून हाताने किंवा कोपराने दाबून बाळ खाली ढकलण्याची पद्धत तर कुठल्याही टप्प्यावर वर्ज्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती करू नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि डोके फिरलेले नसताना ती सर्वांत अधिक घातक ठरते.

गर्भाशयमुख पूर्ण उघडल्यानंतर, बाळाचे ठोके ठीक असतील तर, काही काळ जोर न करता डोके आपोआप उतरू दिले जाते, विशेषतः एपिड्युरल घेतलेले असेल तेव्हा. जोर सुरू झाल्यावर पहिल्या खेपेला ३ तासांपर्यंत आणि नंतर २ तासांपर्यंत बाळंतपण होणे अपेक्षित मानले जाते. त्या अवधीत डोके खाली सरकत राहिले तर थांबावे. ते एकाच जागी राहिले, तर हाताने डोके वळवण्याचा विचार करावा. मूत्राशय रिकामे करून, कळ येताच स्त्रीला जोर करायला सांगून, अनुभवी डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका बोटे बाळाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला नेते, मान थोडी वाकवते, पश्चकपाल पुढे आणते, आणि ते पुन्हा मागे जाऊ नये म्हणून एक-दोन कळांपर्यंत तसेच धरून ठेवते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांनी २०१४ साली उपकरण वा शस्त्रक्रियेपूर्वी या पर्यायाचा विचार करण्याची शिफारस केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष मात्र वेगवेगळे आले: फ्रान्समध्ये उपकरणाने किंवा सिझेरियनने झालेल्या प्रसूतींचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले, तर ऑस्ट्रेलियात निर्णायक फरक दिसला नाही. तरीही काही मिनिटांत होणाऱ्या आणि कुशल हाती कमी धोक्याच्या या कृतीचे प्रशिक्षण प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला, आणि २०१८ पासून देशात उभ्या राहत असलेल्या प्रशिक्षित सुईणींच्या नव्या वर्गालाही, मिळाले पाहिजे, कारण तिच्या अभावी उरणारे पर्याय अधिक जड आहेत.

त्या पर्यायांपैकी चिमटा सर्वांत जुना. लंडनमध्ये विल्यम स्मेली यांनी अठराव्या शतकात चिमट्याने डोके वळवण्याची रीत अवलंबली, त्यांचा प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथ १७५२ साली निघाला. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नॉर्वेचे क्रिस्टियन किएलँड यांनी खास डोके फिरवण्यासाठी जवळजवळ सरळ पात्यांचा चिमटा बनवला. आज तो सफाईने वापरणारे हात थोडेच उरले आहेत. त्याची जागा बहुतांशी डोक्याला वाटी चिकटवून ओढणाऱ्या व्हॅक्यूमने घेतली, जे स्वीडनच्या टागे माल्मस्ट्रॉम यांनी १९५० च्या दशकात प्रचारात आणले. ओपी स्थितीत व्हॅक्यूमची वाटी मागच्या टाळूच्या सुमारे ३ सेंटिमीटर पुढे, मधल्या शिवणीवर बसवावी लागते, म्हणजे ओढताना मान वाकते आणि डोके उतरता-उतरता स्वतःच वळते. हाताला सहज लागते म्हणून वाटी पुढे मोठ्या टाळूजवळ लावली तर मान अधिक ताठ होते, वाटी निसटते आणि बाळाच्या टाळूला इजा होते. वाटी पिळून डोके फिरवण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये.

डोके श्रोणीत पुरेसे उतरलेले नसेल, बाळाच्या ठोक्यांत बिघाड दिसत असेल किंवा वळवण्याचा प्रयत्न निष्फळ झाला असेल तर सिझेरियन हाच सुरक्षित मार्ग असतो, आणि तो घेण्यात कमीपणा नाही. परंतु गर्भाशयमुख पूर्ण उघडल्यानंतरचे सिझेरियन आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसारखे सोपे नसते. खोलवर रुतलेले डोके वर काढताना गर्भाशयाचा छेद बाजूला फाटत जातो, रक्तस्राव वाढतो, बाळालाही इजा होऊ शकते. या प्रसंगासाठी बी. डी. पटवर्धन आणि एन. डी. मोताशॉ यांनी १९५७ साली भारतातील प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात रुतलेल्या डोक्याशी झुंजण्याऐवजी छेदातून आधी बाळाचे खांदे आणि हात, मग धड, नितंब व पाय बाहेर घेतले जातात आणि सर्वांत शेवटी डोके अलगद वर उचलले जाते. बाळाची पाठ मागे असेल तर तिच्यात फेरफार करून पाय आधी काढले जातात. ‘पटवर्धन पद्धत’ या नावाने ती आज परदेशांतील प्रसूतितज्ज्ञांनाही परिचित आहे, आणि मराठी वाचकाला ती फारशी माहीत नसावी ही खेदाची गोष्ट आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार भारतात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होते. या दोन आकड्यांमधली दरी केवळ बाळांच्या डोक्याच्या दिशेने पडलेली नाही. एकीकडे लांबणाऱ्या प्रसूतीला पुरेसा वेळ आणि मनुष्यबळ न देता शस्त्रक्रिया केली जाते, तर दुसरीकडे मेळघाट किंवा गडचिरोलीसारख्या भागात गरज असलेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचायलाच कित्येक तास लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात ओपी स्थितीची शंका आल्यावर वाट पाहण्याचा हिशेब म्हणूनच वेगळा असतो: रस्त्याचा वेळ त्यात आधीच धरावा लागतो, आणि प्रगती मंदावल्याची नोंद होताच, आई थकण्याची वाट न पाहता, १०८ वा १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी लागते.

बाळ जन्मल्यावरही काम संपत नाही. पाठ मागे ठेवून जन्मलेल्या बाळाचे रुंद डोके बाहेर येताना योनीपासून गुदद्वारापर्यंतचा भाग खोल फाटण्याचा धोका अधिक असतो, म्हणून टाके घालण्यापूर्वी गुदद्वाराचा स्नायू शाबूत आहे का हे चांगल्या उजेडात तपासावे लागते. ती जखम तेव्हा नजरेतून सुटली तर शौचावरचे नियंत्रण जाण्याचे दुःख ती स्त्री पुढे वर्षानुवर्षे कुणाला न सांगता सोसते. लांबलेल्या कळांनी थकलेले गर्भाशय नीट आकसत नाही, त्यामुळे रक्तस्रावावर पहिले काही तास बारीक लक्ष ठेवावे लागते, आणि लघवी मोकळी होते आहे ना हेही पाहावे लागते. बाळाचे डोके लांबट दिसते, टाळूवर सूज असते. ही सूज साधारणतः दोन-तीन दिवसांत ओसरते आणि डोके दाबून, चोळून गोल करण्याची काहीच गरज नसते. पुढच्या खेपेला बाळ याच स्थितीत असेल असे नाही. मात्र घरी जाताना हाती दिल्या जाणाऱ्या कागदावर गर्भाशयमुख किती उघडले होते, डोक्याची दिशा काय होती, कोणते उपाय केले आणि सिझेरियन झाले असेल तर छेद कुठपर्यंत गेला हे नोंदलेले असावे, कारण पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करावा की नाही हे डॉक्टरांना त्याच नोंदींवरून ठरवावे लागते.